उसना पट्टा

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गोगलगायीने हातात आणून दिलं आणि वर म्हणाला, आजी, तुमच्या नातीच्या अंगाला कुत्र्यांचा वास येतो. मी म्हटलं, तुझ्या अंगाला डिझेलचा येतो ते मी कधी बोलले का? पण माणूस गुणाचा आहे हो. सिमेंटच्या गोण्या घेऊन पूल ओलांडतो, त्यात माझं पत्र सांभाळून नेतो. ट्रक इतका सावकाश चालवतो की पुलावरची मुंगी पुढे निघून जाईल, म्हणून मी त्याला गोगलगाय म्हणते आणि तो ओ देतो. तुझा फोन पलीकडून लागत नाही, लागला तरी माझ्या कानात निम्मा शब्द सांडतो, तेव्हा ही पत्रंच बरी. माझी शाळा चौथीत सुटली हे लक्षात ठेवून वाच. काना-वेलांट्या तुझ्या तू लावून घे.

पत्र आधी चष्मा लावून वाचलं, मग चहा घेऊन वाचलं, मग मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मामीने नाक मुरडलं. तिचं म्हणणं, एवढी शिकून जनावरांची डॉक्टर झाली तर गाई-घोड्यांची व्हायचं, नदीपलीकडच्या भटक्या कुत्र्यांमागे काय धावायचं, तिथे माणसांनाच धड छप्पर नाही. मी म्हटलं, म्हणून तर. आपल्या मागच्या खिडकीतून ती पत्र्याची घरं दिसतात ना, तिथली कुत्री भुंकली की इथे ऐकू येतं. पुलावरचा पहारेकरी माणसांचे कागद बघतो, भुंकण्याचे कोण बघणार? इतकी वर्षं मी ते ऐकून कूस बदलायचे. आता ऐकू आलं की म्हणते, चला, भिंगरीचे पेशंट उठले.

बरं, मुद्द्याचं राहिलंच. तू लिहिलंस की लस टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात खूण म्हणून लाल पट्टा बांधता, पण विकतचे पट्टे पाण्याने कुजतात आणि आता संपतच आलेत. अगं, मग मी इथे कशाला बसलेय? आजोबांचं छत्र्यांचं दुकान बंद झालं तरी माळ्यावर लाल कापडाचे तागे पडून आहेत. लाल छत्री कुणी घेईना, ज्याला त्याला काळीच हवी. आजोबा म्हणायचे, ठेव, कधीतरी लाल रंगाचे दिवस येतील. बघ, आले.

छत्री मिटली की गुंडाळायला पट्टी असते ना, तशीच शिवली आहे. दुहेरी हातटीप घातली आहे आणि टोकाला टिचबटण. कुठे अडकलं तर सुटून येईल, मुक्या जिवाला फास नको. आधी मामाच्या मनगटावर घालून बघितलं. छान बसतं. मामी म्हणाली, मग यांनाच टोचा आधी.

पहिलं गाठोडं पाठवते आहे. कसे झाले ते खरं सांग, लाडाने नको. लोभ आहे तसा राहू दे, आणि कुत्र्यांना हात लावलास की साबण लाव.

तुझी,
छत्रीवाली आजी


ता. १६ मार्च

ती. आजीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

गाठोडं मिळालं. आजी, पट्टे कमाल झालेत, आणि हे लाडाने लिहीत नाही. एका हाताने लागतात. दुसऱ्या हातात कुत्रं असतं, म्हणून त्याचं मोल जास्त. आमचा जाळीवाला कशालाच चांगलं म्हणत नाही, तोसुद्धा म्हणाला, बाई डोकेबाज आहे.

काम कसं चालतं ते एकदा नीट लिहिते, मामीलाही वाचून दाखव. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी घरात शिरावं लागतं. घरांपेक्षा कुत्री जास्त. त्यातली निम्मी तपकिरी, त्यामुळे नाव ठेवायला खूणही सापडत नाही. आम्ही एकेक गल्ली घेतो. जाळीवाला धरतो, मी लस टोचते, जमलं तर पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करते, आणि सगळं झाल्यावर पट्टा. आधी सुई, मग पट्टा, एवढाच आमचा नियम.

तो इतका कडक का, तर इथल्या नगरपालिकेची कुत्री उचलणारी गाडी फिरते. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी खेटे घालघालून कबूल करून घेतलंय की लाल पट्टा दिसला की गाडी पुढे जाईल. आम्हीसुद्धा लाल पट्टा दिसला की पुढे जातो, नाहीतर लस पुरायची नाही. एकूण काय, इथला सगळा कारभार तुझ्या टाचणीच्या टोकावर चाललाय.

आमच्या पाण्याच्या टाकीजवळ एक कोळसेवाली बसते. तिच्याकडे जमादार नावाचं कुत्रं आहे. जमादार म्हणजे रोज गल्लीचा फेरा मारून प्रत्येक दारात एकदा खाकरल्यासारखं भुंकतो, मगच झोपतो. त्याला जाळीवाल्याच्या पावलांचा आवाजसुद्धा ओळखू येतो. आम्ही गल्लीत शिरलो की तो दुसऱ्या टोकाने बाहेर. कोळसेवाली त्याला धरून देईना. मागे एकदा जाळीत तो लहान मुलासारखा रडला होता, तेव्हापासून तिने कानाला खडा लावलाय. ती मला म्हणाली, ताई, सुई सावकाश टोचा, पट्टा तेवढा आज द्या, तुमच्याकडे पिशवीभर आहेत की. मी नाही म्हटलं. तिने वाद घातला नाही, नुसती माझ्या पिशवीकडे बघत राहिली.

तिच्या शेजारी इस्त्रीवाला आहे, तिच्याच कोळशावर त्याची इस्त्री तापते. त्याचं तोंड दिवसभर चालू. म्हणतो, या वस्तीत नवं कापड फक्त कुत्र्यांना मिळतं, माझ्या अंगावरचा शर्टसुद्धा गिऱ्हाइकाचा आहे. तुला आवडला असता.

हात साबणाने धुते, शपथ. मामा-मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात अजून एका गाठोड्याची भर घाल.

तुझी,
भिंगरी


ता. २५ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे पुन्हा पुन्हा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की मामी बघायला आली, सासूला काय झालं म्हणून. त्या इस्त्रीवाल्याला सांग, त्याच्या मापाचा गळा असेल तर त्यालाही एक पट्टा शिवून देते. आणि जाळीवाला मला डोकेबाज म्हणाला हे मी समोरच्या शिक्षिकाबाईंना, दूधवाल्याला आणि खाली भाड्याने राहतात त्यांना सांगून आले. तुझ्या आजोबांनी उभ्या जन्मात मला डोकेबाज म्हटलं नव्हतं. म्हणायचे, हात बरा आहे तुझा. म्हणजे हाताखालच्या माणसाला म्हणतात तसं.

त्या कोळसेवालीचं मात्र मनातून जाईना. चूल पेटवताना तीच आठवते. कुत्र्याचं नाव काय तर जमादार! खाकरल्यासारखं भुंकतो! असं कुत्रं त्या गाडीत गेलं तर त्या बाईने कोणाच्या खाकरण्यावर झोपायचं? तू नाही म्हणालीस ते तुझ्या जागी बरोबर आहे. तू नियमाची बाई, लहानपणी खेळातसुद्धा राज्य चुकवू द्यायची नाहीस.

पण आपल्या दुकानात एक पद्धत होती, तुला माहीत नसेल, तू रांगत होतीस. कुणी मोडकी छत्री दुरुस्तीला टाकली की आजोबा त्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाहीत. खुंटीवर दोन-चार जुन्या छत्र्या कायम असायच्या. तुमची होईपर्यंत ही उसनी वापरा, म्हणायचे. काडी वाकडी असेल, दांडा दोऱ्याने बांधलेला असेल, पण डोक्यावर काहीतरी असे. लोक त्या छत्र्या हसत न्यायचे आणि हसत परत आणायचे. दुकान चाललं ते त्या खुंटीवर, कारागिरीवर नाही, हे मी आजोबांच्या तोंडावर सांगायचे.

तर दुसरं गाठोडं तुझ्यासाठी पाठवते आहे. आणि गोगलगायीकडे एक वेगळी पुडी दिली आहे, ती परस्पर त्या कोळसेवालीला द्यायला सांगितलं आहे. पुडीत काय आहे ते तुला सांगत नाही. सांगितलं तर तू डोळे मोठे करशील आणि मला इथून दिसतील. काही जगावेगळं नाही गं. खुंटीवरचं आहे एवढंच समज. तिला निरोप दिलाय की तुमचं काम होईपर्यंत वापरा.

मामीचा गुडघा पुन्हा धरलाय. मामा तेल चोळून देतो आणि चोळताना झोपतो. लोभाची काळजी करू नकोस, तागा मोठा आहे.

तुझी,
डोकेबाज आजी


ता. २१ एप्रिल

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. मला आठवडाभर ताप होता, आता बरी आहे. तेवढ्यात आमची दुसरी तुकडी कामाला लागली होती आणि त्यांनी तर चमत्कारच केलाय. मी परत गल्लीत गेले तर जिकडे तिकडे लाल. टाकीजवळ लाल, भंगारवाल्याच्या ढिगावर लाल, जिथे आम्ही अजून पाऊल टाकलं नव्हतं असं मला वाटत होतं, त्या मागच्या गल्लीतही लाल. गाडी रिकामी परत जाते आहे. गाडीवाला मला म्हणाला, ताई, तुम्ही माझ्या पोटावर पाय देणार. मी एवढी हसले.

दुसऱ्या तुकडीतली मंडळी आता शेजारच्या जिल्ह्यात गेलीत, नाहीतर त्यांना तुझ्या हातचं काहीतरी खायला बोलावलं असतं. कारण ऐक. जमादारच्या गळ्यातही पट्टा आहे! मी आणि जाळीवाला दीड महिना त्याच्या शेपटीमागे धावलो आणि त्या लोकांनी त्याला कधी धरलं ते कळलंसुद्धा नाही. मी कोळसेवालीला विचारलं, रडला का गं? ती तोंडाला पदर लावून हसली. जमादार आता आम्हाला बघून पळत नाही. जाळीवाला त्याच्याकडे न बघता पुढे जातो हे त्याच्या लक्षात आलंय. काल तर माझ्या बुटावर पाय ठेवून बसला होता.

लस वाचते आहे म्हणून आम्ही पुढच्या वस्तीतही सुरुवात केली. मोठे डॉक्टर म्हणाले, असं काम कुठेच बघितलं नाही. आजी, यातला निम्मा मान तुझा.

पुडीत काय पाठवलं होतंस? कोळसेवाली विचारलं की विषय बदलते. नक्की माझी लहानपणची काहीतरी गोष्ट लिहिली असशील. लोभ वाढवत राहा, मीही इकडून वाढवते.

तुझी,
भिंगरी


ता. ३० एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि अजून आशीर्वाद. वि. वि.

ताप आला होता तर कळवायचं नाही? गोगलगायीलाही माहीत नव्हतं, त्याला मी चांगलं फैलावर घेतलं, त्याची बिचाऱ्याची काही चूक नसताना.

बाकी तुझं पत्र म्हणजे काय सांगू. मी ते फडताळात ठेवत नाही, कमरेला खोचून फिरते. मागच्या खिडकीत बसले की वाटतं, तो पलीकडचा काठ आपल्याच घराचं अंगण आहे. कुत्री भुंकली तर मामीसुद्धा परवा म्हणाली, आज तुमचा जमादार उशिरा निघाला वाटतं. मामी! जी उंबऱ्यावर मांजर आलं तरी झाडू उचलते!

गाडी रिकामी जाते हे वाचून मी शिवायचा हात थांबवला नाही, उलट जोर आला. दुसरा तागा फोडला. डोळे दुखतात, पण सुई आता डोळ्यांनी ओवत नाही, सवयीने ओवते. तुझं गाठोडं पाठवलंच आहे, शिवाय त्या बाईलाही अजून एक पुडी, यावेळी जरा जाड. तिने गोगलगायीकडे निरोप पाठवला होता की शेजारणी मागतात, असले तर द्या. आता शेजारणींना नाही कसं म्हणायचं? मला फार बरं वाटलं. दुकान बंद झाल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

लोभ तर आहेच, आता त्याला लाल कापडाची किनार पण लागली.

तुझी,
आजी


ता. ९ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते.

जमादार पिसाळला. आधी दोन दिवस कोपऱ्यात बसून होता, कोळसेवालीला वाटलं उन्हाने. मग उठून फेऱ्याला निघाला तो झोकांड्या देत, तोंडातून लाळ. पाण्याजवळ गेला, पाणी प्याला, म्हणून लोकांना वाटलं की काही नाही. आजी, पाणी प्यालं म्हणजे निरोगी असं काही नसतं, पण तसा समज सगळीकडे आहे. इस्त्रीवाल्याने त्याला हाक मारली आणि त्याने पोटरीला धरलं. दुसऱ्या दिवशी जमादार मेला.

इस्त्रीवाला दवाखान्यात गेला नाही. जखम बांधली आणि इस्त्री करत उभा राहिला. मला कळलं तेव्हा बरेच दिवस गेले होते. मी विचारलं, का गेला नाहीस, तर म्हणाला, ताई, कुत्रं लाल पट्ट्याचं होतं. तुम्हीच तर घरोघर सांगितलं होतं की लाल पट्ट्याच्या कुत्र्याला भिऊ नका.

जमादार मेला तेव्हाच आम्ही त्याचे नमुने तपासायला पाठवले होते. तोच रोग. आम्हाला आधी वाटलं लसच खराब निघाली. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या तुकडीला निरोप पाठवला. ते म्हणतात, त्यांनी त्या गल्लीत काम केलंच नाही. त्यांनी जमादारला पाहिलेलंसुद्धा नाही.

त्याचा पट्टा माझ्यासमोर टेबलावर आहे. शिवण तुझी आहे. कोळसेवालीला मी विचारलं. ती म्हणाली, देणारीने चांगल्या मनाने दिलं, तिचं नाव कशाला घेऊ. तिने नाव घेतलं नाही, पण गोगलगायीची पुडी मला आठवली.

आजी, मला फक्त एवढं सांग की किती पाठवलेस. कारण वस्तीत आता कुठला पट्टा माझ्या हाताने लागला आणि कुठला पुडीतून आला ते मला ओळखता येत नाही. शिवण एकच, कापड एकच. आणि पट्टा बघून ज्या कुत्र्यांना आम्ही न टोचता सोडून पुढे गेलो, ती सगळी आमच्या डोळ्यांसमोर होती.

लगेच कळव. लोभ आहे.

भिंगरी


ता. १४ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वि. वि.

किती पाठवले ते मला सांगता येत नाही. मी मोजले नाहीत. मुठीने भरले. दुकानात मोजायचं काम आजोबांचं होतं.

मला वाटलं, तोवर गाडी तरी उचलणार नाही. तू एक ना एक दिवस जमादारला गाठशीलच, मग उसना पट्टा खराच होईल. पट्टा बघून गाडी पुढे जाते तसे तुम्हीही पुढे जाता, हे तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. तीनदा वाचलं होतं, मामीलाही वाचून दाखवलं होतं. वाचून मी हसले होते, टाचणीच्या टोकावर कारभार चाललाय म्हणून. पण तुझ्या सुईलाही तो पट्टा अडवेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी फक्त गाडीचाच विचार केला.

उसनी छत्री गळकी निघाली तर नेणारा एकटाच भिजतो. घरी जाऊन डोकं पुसतो आणि आपल्याला दोन शब्द ऐकवतो. मला वाटलं हेही तसंच.

मामी काही बोलली नाही. तिने माझ्यासमोरचं कापड उचललं, सुई टोचणीत खोचली आणि चहा ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मामा म्हणतो, तुझं मन साफ होतं. त्या इस्त्रीवाल्याच्या पोटरीला माझ्या मनाशी काय करायचंय?

त्याला सुया चालू केल्या का? उशीर झाला तरी चालतं ना? त्याला घरी कोण आहे, बायको आहे का, मुलं आहेत का, तू कधी लिहिलं नाहीस आणि मीही त्याच्या बोलण्यालाच हसत राहिले. माझी पुलावर यायची तयारी आहे. त्या लोकांपुढे उभी राहून सांगते की पट्टे माझे. त्याने काही सुधारेल का ते तू सांग, माझं डोकं चालत नाही.

तुला राग आला असेल. असेल तर लिही, नुसतं थोडक्यात लिहू नकोस. थोडक्यातलं पत्र मला वाचवत नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

आजी


ता. २६ जून

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

राग आहे. तुझ्यावर आहे आणि माझ्यावरही आहे. गल्ली लाल झालेली बघून मला आनंद झाला, शंका आली नाही. ज्या गल्लीत आपण गेलोच नाही तिथे पट्टे कसे, हे मी एकदा तरी विचारायला हवं होतं. तू चौथीपर्यंत शिकलीस, मी किती शिकले ते मामीला विचार.

इस्त्रीवाल्याला सगळ्या सुया दिल्या. उशिरा दिल्या. दवाखान्यातले म्हणतात, आता वाट बघायची. किती, तर ते सांगता येत नाही, कधीकधी महिने जातात. होईल तर बरं होईल, नाहीतर पुढे कोणाच्याच हातात काही नाही. त्याला बायको आहे, एक मुलगी आहे. तो रोज कामाला उभा राहतो. मला म्हणाला, ताई, आता मला टोचलंय, मला एक लाल पट्टा द्या, निदान गाडी तरी उचलणार नाही. सगळे हसले. त्याची बायको हसली नाही. रोज सकाळी ती त्याला पाणी देते आणि तो ते पिईपर्यंत तोंडाकडे बघत उभी राहते.

तू इथे येऊ नकोस. येऊन काही सुधारणार नाही. नगरपालिकेने सांगितलंय की लाल पट्टा आता ते मानत नाहीत. मोठे डॉक्टर तिथे जाऊन बसले, हात जोडले, म्हणाले आम्ही पुन्हा सगळ्यांना टोचतो, नवी खूण करतो. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली. त्यांचंही काय चुकलं, ते मला सांगता येत नाही. कुत्रं माणसाला चावलंय.

मी ऑपरेशन केलेली, माझ्या हाताने टाके काढलेली कुत्रीसुद्धा गेली. जाळीवाला गाडीवाल्यांना सांगत होता, हे आमचं आहे, हेही आमचं आहे. मग तोही सांगायचा थांबला, कारण त्यालाही खात्री नव्हती. टिचबटण काढलं की निघतं आणि दुसऱ्या गळ्यात बसतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. बायकांनी खरे पट्टेसुद्धा आपसात वाटून घेतले होते. ज्यांना जमलं त्यांनी आपली कुत्री दगड मारून पुलावर पिटाळली. पहारेकरी माणसांना अडवतो, कुत्र्यांना कसं अडवणार? दिवसभर पुलावरून कुत्री पलीकडे जात होती, तुझ्या बाजूला, आणि मागे वळून बघत होती.

कोळसेवालीने दुकान बंद ठेवलंय. माझ्याशी बोलते, पण माझ्या पिशवीकडे बघत नाही.

आमचं काम थांबवलंय. चौकशीच्या कागदांचा निकाल लागेपर्यंत मला इथून हलता येत नाही, पूल ओलांडायचीही परवानगी नाही. खोलीत लसीचे डबे बर्फात पडून आहेत आणि टोचायला कुणी नाही.

आता नीट ऐक. कुठलंही कुत्रं दाराशी आलं तर हात लावायचा नाही. पट्टा असला तरी नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. मामा-मामींनाही सांग.

राग आहे, आणि रोज संध्याकाळी तुला पत्र लिहावंसंही वाटतं. दोन्ही आहे. लोभ मागायला तोंड नाही असं पुन्हा लिहू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २ जुलै

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. हे आज लिहितेय, पण तुला कधी मिळेल ते देव जाणे. पुलावर ट्रकांची रांग आहे आणि गोगलगाय तिच्या शेपटाला आहे. आता तो सावकाश चालवतो म्हणून हसायचीही सोय राहिली नाही.

मागच्या पायरीवर एक कुत्रं येऊन बसलंय. सकाळी मामीने बघितलं. ओरडली नाही, मला येऊन हळूच म्हणाली, सासूबाई, तुमच्याकडे कुणीतरी आलंय.

गळ्यात लाल पट्टा आहे. खिडकीच्या गजातून टीप दिसते, माझीच आहे, एका जागी दोरा संपल्यावर मी गाठ जरा जाड मारली होती ती पण दिसते. मी बराच वेळ त्या गाठीकडे बघत होते. ती तुझ्या गाठोड्यातली की पुडीतली हे मला आठवेल असं वाटलं. नाही आठवत. दोन्हीकडचे बरोबरच शिवले होते, शिवताना मी गाणं म्हणत होते.

कुत्रं कसं आहे म्हणशील, तर तपकिरी. तू म्हणाली होतीस तसं, खूण सांगायला काही नाही. पुढचा एक पाय उचलून ठेवतं, पुलाचा रस्ता तापलेला असतो त्याने असेल. मला बघून शेपटी एकदा हलवली, मग लाजल्यासारखी थांबवली. खाली राहणाऱ्यांच्या मुलांना मी घरात घ्यायला लावलं. मामा काठी घेऊन उभा होता, त्याला म्हटलं मारायचं नाही, हुसकलं तर कुठे जाईल आणि कुणाला भेटेल. मामी म्हणाली, इकडच्या मुनशिपाल्टीला सांगावं लागेल. बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. संध्याकाळी काय होणार आहे ते तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

एक पातेलं पाणी झाडूच्या दांड्याने ढकलून पायरीपर्यंत नेलं. पाण्यावरून काही कळत नाही हे तू लिहिलंस, ते लक्षात आहे. कळावं म्हणून नाही ठेवलं. एवढ्या लांबून चालत आलंय, तहान लागली असेल म्हणून ठेवलं.

आधी ते नुसतं बघत होतं, पाण्याकडे नाही, माझ्याकडे. मग उठलं. प्यायलं, चांगलं लपालप आवाज करून प्यायलं. मामी मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, बघा, पितंय. तिकडे ती इस्त्रीवाल्याची बायकोही रोज हेच बघते ना.

आता पातेलं रिकामं झालंय आणि ते दाराला नाक लावून बसलंय. माझा हात कडीवर आहे असं समजू नकोस, मी खुर्चीत बसून लिहितेय. दार बंद आहे. दाराखालच्या फटीतून त्याचा श्वास आत येतो, फरशीवर ओलसर डाग पडतो आणि वाळतो. परत पडतो.

काय करू ते कळव. लोभ असावा.

तुझी,
आजी